मराजोची म्हैस

जेनिल्दा लोबातोनं जाळीच्या पिंजऱ्यातल्या आपल्या पहिल्याच लढतीत समोरच्या पोरीची कंबर कवळ्यात घेतली, आतून टांग लावली आणि तिला अशी पाठीवर आपटली की खालच्या फळ्या वाजल्या. मग ती उठली, दोन्ही हात वर केले आणि लोकांकडे बघून तोंडभर हसली. तिच्या हिशेबानं लढत संपली होती.

बेलेम शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये हा प्रकार चालला होता. असा हशा उसळला की पंचालासुद्धा हसू आवरेना. कोपऱ्यातून वाल्सीर मास्तर जाळीवर बुक्क्या मारत ओरडत होते, "अगं खाली बस! तिच्या अंगावर बस! संपलं नाही अजून!" मास्तर काय म्हणतात ते नीट ऐकू यावं म्हणून जेनिल्दानं मान वळवली. तेवढ्यात खाली पडलेली पोरगी उठली आणि तिनं उजव्या हाताचा ठोसा जेनिल्दाच्या जबड्यावर बसवला.

शुद्ध आली तेव्हा डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारत होता.

"नाव काय तुझं?"

"जेनिल्दा."

"कुठं आहेस आत्ता?"

"जत्रेत," ती म्हणाली. मग मान उचलून तिनं पलीकडे बघितलं. "मास्तर, पाठ मी लावली तिची. मग ही का नाचतेय?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. चूक त्यांचीच होती. ठोसे, लाथा, गळा आवळायचे डाव, सगळं त्यांनी तिला वर्षभर शिकवलं होतं. पाठ लागल्यावर लढत संपत नाही, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. कुणाला हे सांगावं लागेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पण जेनिल्दा जिथं वाढली तिथं पाठ लागली की विषय संपत असे. मराजो बेटावर, आरारी नदीच्या काठी, काशुएरा गावाबाहेरच्या एका मोठ्या वाडीवर तिचा बाप ओझियास लोबातो म्हशी राखायचा. अर्धं वर्ष तिथं जमीन कोरडी, अर्धं वर्ष पाणीच पाणी. पाणी ओसरायला लागलं की गुडघाभर चिखल उरतो आणि त्या चिखलात गुराखी कुस्ती धरतात. कपडे म्हणजे एक तुमान. नियम म्हणजे एकच, ज्याच्या पाठीला चिखल लागला तो हरला. जिंकणारा हात देऊन त्याला उठवतो, दोघं नदीवर जाऊन अंग धुतात आणि मग एकाच तव्यातला मासा खातात. ओझियास या खेळातला मोठा गडी. बुटका, रुंद, मान अशी नाहीच. डोकं समोरच्याच्या छातीत रुतवून तो ढकलत न्यायला लागला की माणसं म्हणायची, "सुटली रे ओझियासची म्हैस!"

त्याला वाटायचं आपला मुलगा जोएल आपल्यामागं नाव राखेल. त्याला शिकवताना समोर कुणीतरी उभं करायला हवं, म्हणून तो धाकट्या जेनिल्दाला उभी करायचा. जोएलला चिखलाचा कंटाळा. तो पडला की पडून राहायचा, ढगांकडे बघत. पुढं तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकला आणि त्यात सुखी झाला. पण शिकवण फुकट गेली नाही. बाप मुलाला जे सांगत होता ते मुलगी ऐकत होती.

"पायाकडे बघू नकोस," ओझियास जोएलला म्हणायचा. "पाय खोटं बोलतात. छाती कुठं चाललीय ते बघ."

आणि जेनिल्दा छाती बघायची, टांग लावायची, आणि जोएल पुन्हा ढगांकडे बघत पडलेला असायचा.

जानेवारीत संत सेबास्तियनची जत्रा भरते तेव्हा काशुएऱ्यात मोठ्या कुस्त्या होतात. जेनिल्दा सतरा वर्षांची होती त्या वर्षी शेजारच्या वाडीवरचा एक गडी चिखलात उभा राहून मांड्या थोपटत होता. तिघांना लोळवून झालं होतं, चौथा पुढं येत नव्हता. "लोबातोंच्या घरात आता कुणी उरलंय की नाही?" तो ओरडला. जोएलनं भावनाशून्य चेहऱ्यानं मक्याचं कणीस खायला घेतलं. जेनिल्दानं केस बांधले, आईच्या हातात चपला दिल्या आणि ती चिखलात उतरली.

लोक हसले. तो गडीही हसला, आणि हसत असतानाच तिचं डोकं त्याच्या छातीवर येऊन आदळलं. तो मागं सरकला, पुन्हा सरकला, आणि पाय सावरायला गेला तिथं तिची टांग तयार होती. तो पडला तेव्हा चिखल उडून पाद्रीबाबांच्या पांढऱ्या झग्यापर्यंत गेला. जेनिल्दानं रीतीप्रमाणे हात पुढं केला. गड्यानं तो धरला नाही. उठला आणि गर्दीतून निघून गेला.

परतताना ओझियास म्हशीवर पुढं बसला तो मागं वळून बघेना. घरी आल्यावर आई ओस्कारिना, जी चीज करून गावात विकायची आणि कुणाची भीड ठेवायची नाही, तिनंच तोंड उघडलं.

"काय झालं एवढं? जिंकली ना पोरगी?"

"पुरुषाला पाडलं तिनं. सगळ्या गावादेखत."

"मग? तिला शिकवलं कुणी? मी शिकवलं? मी तर चीज ढवळत होते."

"मी जोएलला शिकवत होतो."

"तुझा नेम चुकला मग," ओस्कारिना म्हणाली आणि तिनं पातेलं चुलीवर आदळलं.

त्यानंतर बाप-लेकीत कुस्तीचा विषय निघाला नाही. दोन वर्षांनी जेनिल्दा खाडी ओलांडून बेलेमला गेली. जुरुनास वस्तीत लांबच्या एका मावशीचं असाईचं दुकान होतं. सकाळी होड्यांमधून काळ्या फळांच्या टोपल्या उतरायच्या. जेनिल्दा एकेक टोपली डोक्यावर घेऊन चढण चढायची, फळं यंत्रात घालायची आणि घट्ट जांभळा रस पिशव्यांत भरून गिऱ्हाइकांना द्यायची. हात कोपरापर्यंत जांभळे. काम कष्टाचं होतं, पण म्हशींपेक्षा फळं बरी, लाथ मारत नाहीत, असं ती म्हणायची.

वाल्सीर मास्तर त्या दुकानाचे रोजचे गिऱ्हाईक. एके काळचे बॉक्सर, एक खांदा कायमचा खाली आलेला. बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची तालीम होती. एके दुपारी ते रांगेत उभे असताना एक दारुडा आला आणि दुकानाच्या फळीवरून हात घालून मावशीच्या मुलीची वेणी ओढायला लागला. जेनिल्दा बाहेर आली. मास्तरांनी नंतर आयुष्यभर ही गोष्ट सांगितली, प्रत्येक वेळी दारुडा थोडा थोराड होत गेला. पण खरी गोष्ट अशी की जेनिल्दानं त्याला मारलं नाही. तिनं डोकं त्याच्या छातीला लावलं, त्याला रस्त्याच्या मध्यापर्यंत ढकलत नेलं, तिथं टांग लावून पाठीवर निजवलं, आणि मग वाकून हात पुढं केला.

"उठा काका," ती म्हणाली. "लागलं नाही ना?"

दारुडा त्या हाताला धरून उठला, आभार मानून निघून गेला.

मास्तर रस घ्यायचा विसरले. "हे कुठं शिकलीस पोरी?"

"घरी."

"घरी काय आहे?"

"चिखल."

दुसऱ्या दिवशी ती तालमीचा जिना चढली. शहरातल्या पोरी आधीपासून तिथं होत्या, चांगल्या बुटांच्या, चांगल्या हातमोज्यांच्या. तिच्या जांभळ्या हातांकडे आणि आखूड मानेकडे बघून एकीनं नाक मुरडलं. "मास्तर, ही म्हैस कुठून आणली?"

"मराजोहून," जेनिल्दानंच उत्तर दिलं. तिला वाटलं ती तारीफ करतेय. तिच्या गावात म्हशीवर बसून डाकवाला येतो, पोलीस येतो, लग्नाची वरात येते. शहरात हा शब्द शिवी आहे हे तिला कळायला आठवडा लागला. कळल्यावर तिनं मास्तरांच्या बायकोला, इरासी मावशीला, एक काळा सदरा शिवून मागितला आणि पाठीवर दोन मोठी वाकडी शिंगं काढून घेतली. ज्या पोरीनं नाक मुरडलं होतं तिला सरावात रोज खाली घेतलं, आणि रोज हात देऊन उठवलं. महिनाभरात ती पोरगी तिची मैत्रीण झाली.

आणि मग ती पहिली लढत आली, हात वर करून हरलेली.

त्या रात्री तिची सगळीकडे चेष्टा झाली. कुणीतरी फोनवर टिपलेलं ते दृश्य गावोगाव फिरलं. असाई घ्यायला येणारी पोरं दुकानासमोर दोन्ही हात वर करून उभी राहायची. जेनिल्दा पिशव्या बांधत राहायची. पण एका दुपारी ती तालमीत आली आणि सरळ म्हणाली, "मास्तर, मला जमणार नाही. माणूस खाली पडला की माझा हात आपोआप पुढं जातो. तो मारायला उठतच नाही."

मास्तर गादीवर मांडी घालून बसले. "हे बघ. तुझ्या गावात पाठ लागली की दार बंद होतं. इथं पाठ लागली की दार उघडतं. आत जायचं बाकी असतं. तू उंबऱ्यावरच उभी राहतेस आणि टाळ्या मागतेस."

"आत जाऊन काय करायचं?"

"म्हैस दावणीला बांधताना काय करतेस?"

"अंगावर भार टाकते. मान दाबते. थकेपर्यंत धरून ठेवते. मग ती स्वतःच शांत होते."

"मग तेच कर की बाई!"

मारायचं नाही, बांधायचं. हे तिला कळलं. त्यानंतरचे कित्येक महिने ती गादीवर हेच करत होती. खाली घ्यायचं, छातीवर भार टाकायचा, मान आणि एक हात मिळून कवळ्यात धरायचा आणि दाबत राहायचं. घाई नाही, राग नाही. समोरची हातानं गादी थोपटून हार मानेपर्यंत सोडायचं नाही. आणि मग, सुटका झाली की, हात द्यायचा.

दुसरी लढतही ती हरली, गुणांवर. तिसरीत तिनं समोरचीला बांधलं. चौथीतही, पाचवीतही. पुढं माकापा, मग मानाउस, मग फोर्तालेझा. कारिंबो नाचाच्या ढोलांवर ती पिंजऱ्याकडे चालत यायची आणि लोक दोन्ही हातांची शिंगं करून ओरडायचे, "म्हैस! म्हैस!" असाईच्या दुकानात आता तिचा फोटो लागला. लढतीच्या आधी वजन उतरवायचं म्हणून मास्तर तिची असाई बंद करायचे तेव्हा तेवढी ती चिडायची. तळलेला मासा, कसाव्याचं पीठ आणि असाई याशिवायचं जेवण म्हणजे तिच्या लेखी आजारपण. एकदा तिनं लपवून वाटीभर खाल्ली, आणि वजनकाट्यावर उभी राहिली तेव्हा दात जांभळे. मास्तरांनी तिला गरम पाण्याच्या टबात इतका वेळ बसवलं की तिनं सगळ्या संतांची नावं घेतली.

सुट्टीत ती होडीनं घरी जायची. अंगणात बाप दोर वळत बसलेला असायचा. ती वाकायची.

"आशीर्वाद द्या, बाबा."

"देव तुझं भलं करो." मग तो तिच्या सुजलेल्या डोळ्याकडे बघायचा. "म्हशीनं ढुशी मारली वाटतं?"

"हो बाबा."

"कुठली होती?"

"फोर्तालेझाची."

"हं. तिकडच्या म्हशी नाठाळ." आणि तो पुन्हा दोर वळायला लागायचा.

गावात टीव्हीवर तिच्या लढती लागायच्या, खानावळीत सगळं गाव जमायचं. ओझियास त्या वेळी हटकून दूरच्या कुरणात असायचा. मातीत माणूस पडतो, उठतो, हसतो. पैलवानानं पैलवानाचं रक्त काढायचं हे कसलं, असं तो बायकोला म्हणाला होता. ओस्कारिना मात्र सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसायची आणि पंचाला शिव्या घालायची.

मग गुडघा गेला. लढतीत नाही, सरावात, पाय वळून. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टर म्हणाले चालता येईल, लढायचं विसरा. जेनिल्दा एकोणतीस वर्षांची होती. ती मराजोला परतली आणि म्हशी चारायला लागली. मास्तर महिन्यातून एकदा फोन करायचे आणि लढतीचं सोडून सगळं बोलायचे. पाऊसकाळात एके सकाळी चिखलात अडकलेलं एक रेडकू ओढून काढताना तिनं पाय रोवला, जोर लावला, आणि रेडकू सुटून आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. ती तिथंच उभी राहून चिखलात पाय रोवत राहिली, इकडून, तिकडून, वळून. मऊ चिखलानं जे काम केलं होतं ते शहरातल्या कुठल्या यंत्रानं केलं नसतं. कुंपणापलीकडून ओझियास बघत होता.

"दुखतं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग इथं काय करतेस?" एवढंच म्हणून तो गेला. आठवड्याभरात ती बेलेमच्या होडीत होती.

परत आल्यावर तिनं ओळीनं लढती जिंकल्या, आणि अखेर देशाच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी तिचं नाव पुढं आलं. पट्टा कुरितिबाच्या लोरेना श्टाइनकडे होता. उंच, लांब पायांची, लाथांनी भल्याभल्यांना झोपवणारी. तिच्या वाटेला जायला कुणी तयार नसायचं. लढत बेलेममध्ये ठरली. आधीच्या आठवड्यात पत्रकारांसमोर दोघींना बसवलं होतं. लोरेनानं जेनिल्दाच्या सदऱ्यावरची शिंगं बघितली आणि हसून म्हणाली, "म्हैस चिखलात शोभते. तिथं लोळणाऱ्यांचा खेळ तिथंच राहू दे. इथं खरी लढत असते."

माइक जेनिल्दासमोर आला. तिला भाषणं जमत नसत. "तुमच्याकडे पोलीस घोड्यावर बसतात," ती म्हणाली, "आमच्याकडे म्हशीवर. कुणाला कोण आत टाकतं ते शनिवारी बघू."

सगळं सभागृह उसळलं. पण काशुएऱ्याच्या खानावळीत, जिथं हे टीव्हीवर चाललं होतं, वेगळंच घडलं. ओझियास तंबाखू घ्यायला म्हणून तिथं आला होता. तो दारात थबकला.

"काय म्हणाली ती गोरी?" त्यानं विचारलं. "चिखलाबद्दल काय म्हणाली?"

कुणीतरी सांगितलं. ओझियासनं टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि तंबाखू न घेताच निघाला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "माझा चांगला सदरा काढ." त्यानं आयुष्यात कधी खाडी ओलांडली नव्हती. शनिवारी त्या होडीत तो इतका ओकला की ओस्कारिनानं संत सेबास्तियनला नवस बोलून टाकला. एकदाचा तो उतरला तेव्हा कागदासारखा पांढरा पडला होता, पण टोपी डोक्यावरच होती.

जेनिल्दाला यातलं काही माहीत नव्हतं. ती ढोलांवर चालत आली, पिंजऱ्यात शिरली, आणि पहिल्याच मिनिटाला लोरेनाची लाथ तिच्या पोटरीवर बसली. मग दुसरी, त्याच जागी. फेरी संपली तेव्हा पाय लाकडासारखा झाला होता. दुसऱ्या फेरीत कोपरानं भुवई फाटली. डॉक्टरनं जखम बघितली, बोटं मोजायला लावली आणि जाऊ दिलं. तिसरीत जेनिल्दानं येणारी लाथ हवेतच धरली, पुढं घुसली आणि लोरेनाची पाठ लावली. सगळं सभागृह उभं राहिलं. पण लोरेना खालूनही चिवट होती. पाय कंबरेभोवती गुंडाळून, हात अडकवून तिनं घंटेपर्यंत वेळ काढला. चौथी फेरी अशीच, धर आणि सोड.

शेवटच्या फेरीआधी मास्तर तिच्या कपाळावर बर्फ धरून म्हणाले, "बरोबरी आहे. ऐक, घुस, पट काढ आणि बांध."

"नाही मास्तर."

"नाही म्हणजे?"

"ती त्याचीच वाट बघतेय. तिची छाती मागं मागं चाललीय. मी वाकले की गुडघा मारणार." जेनिल्दानं पाणी थुंकलं. "मी ठोसा मारते."

"तू? ठोसा?"

"मला ठोसा मारता येत नाही असं तिलाही वाटतं."

घंटा झाली. जेनिल्दा खांदा खाली घालून पुढं गेली, अगदी पट काढायला निघाल्यासारखी. लोरेनाचा गुडघा वर आला. पण जेनिल्दा तिथं नव्हती. ती मध्येच थांबली होती, आणि तिथून, असाईच्या टोपल्या उचलून दगड झालेला तिचा उजवा हात गोल फिरून लोरेनाच्या कानाखाली बसला. लोरेना जाळीवर जाऊन आदळली. आता डोकं छातीत, आतून टांग, आणि दोघी खाली. या वेळी लोरेनाचे पाय कंबरेभोवती यायच्या आत जेनिल्दा बाजूला सरकली होती. मान आणि हात मिळून कवळ्यात आले. तिनं भार टाकला. घाई केली नाही. कानाशी लोरेनाचा श्वास ऐकू येत होता, आधी जोराचा, मग तुटक, आणि मग गादीवर हाताची थाप पडली. एकदा, दोनदा, तीनदा.

पंचानं तिला ओढून बाजूला केलं. सभागृहात कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. मास्तर आपला वाईट खांदा विसरून दोन्ही हात वर करून नाचत होते. जेनिल्दा मात्र लोरेनाशेजारी गुडघ्यावर बसून होती. लोरेनानं डोळे उघडले, नीट बघितलं, आणि पुढं आलेला हात धरून उठली.

"बाई गं," लोरेना धापा टाकत म्हणाली, "हे कुठं शिकलीस?"

"घरी," जेनिल्दा म्हणाली.

पट्टा कंबरेला बांधून ती आत आली तेव्हा आई दारातच उभी. आईला बघून तिला आधी रडू फुटलं, मग आईमागची टोपी दिसली आणि ती रडायचंच विसरली.

"बाबा? तुम्ही बघितलं?"

"नाही," ओस्कारिनाच फणकारली. "पहिली लाथ बसली आणि हा उठून बाहेर गेला. सबंध वेळ रस्त्यावर ताकाकाचं गरम सूप विकणारीच्या गाडीशी उभा. तीन वाट्या प्यायला!"

"मी ऐकलं," ओझियास म्हणाला. "पाठ लागली की लोक कसे ओरडतात ते मला माहीत आहे. दोनदा ओरडले." मग तो जवळ आला, लेकीच्या शिवलेल्या भुवईला अंगठ्यानं हलकेच हात लावला. ती त्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिली. पण तो म्हणाला, "लोबातोंच्या घरात आता कुणी उरलं नाही असं म्हणायची कुणाची टाप नाही," आणि टोपी काढून त्यानं ती आपल्या हातानं तिच्या डोक्यावर ठेवली.

सहा महिन्यांनी परतीची लढत झाली, ती लोरेनाच्या गावी. कुरितिबात जूनचा गारठा. हाडांत शिरणारी असली थंडी जेनिल्दानं कधी अनुभवली नव्हती. सरावालाही ती इरासी मावशीनं विणलेला मफलर घालून बसायची. सभागृहात सगळे लोरेनाचे. ढोल वाजले तेव्हा लोकांनी शिट्ट्या घालून ते दाबले. या वेळी लोरेना खाली जायचंच नाही अशा तयारीनं आली होती, आणि त्यामुळं ती हातांकडे बघत नव्हती. दुसऱ्या फेरीत जेनिल्दाच्या त्याच गोल उजव्या ठोशानं ती खाली बसली, आणि पंचानं लढत थांबवली. शिट्ट्या थांबल्या. मग कुणीतरी एकानं, वरच्या रांगेतून, दोन्ही हातांची शिंगं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोरेनाच जेनिल्दाला आणि मास्तरांना बाजारात घेऊन गेली. डोळ्याखाली निळं, नाकाला पट्टी, पण बडबड चालू. फुटपाथवर एक म्हातारी उकडलेल्या पिन्याँवच्या बिया विकत होती. लोरेनानं बी सोलायची कशी ते दाखवलं. जेनिल्दानं खाऊन बघितली, आणखी एक मूठ घेतली.

"असाईसारखं नाही," ती म्हणाली, "पण चालेल."

"आता माझं ऐक," लोरेना म्हणाली. "मला तो चिखल शिकव. मी येते तुझ्याकडे."

"ये की. पण खाडीत ओकशील."

"आणि तुझ्या बाबांना चालेल? मी काय बोलले ते त्यांनी ऐकलंय."

जेनिल्दा हसली. "बाबांनी तुझ्यासाठी एक म्हैस बाजूला काढून ठेवलीय. सगळ्यात नाठाळ."

म्हातारीनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं, एकीच्या भुवईवरचा व्रण, दुसरीची पट्टी. "मारामारी करून आलात काय गं पोरींनो?"

"हो आजी," दोघी एकदम म्हणाल्या.

"कशावरून?"

मास्तरांनी हसत हसत गरम बियांची आणखी एक पुडी मागितली, आणि तिघं त्या थंडीत, धुक्यातून, चालत राहिले.